विमानाचं डावं चाक का उघडलं नाही?



दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेच्या मैदानावर जे विमान उडालं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या वेळेला ते पोटावर उतरलं, पंखा मोडला, हेही पाहिलं. त्यानंतर गावभर एक गोष्ट पसरली, की पाचवीतल्या एका मुलानं विमान उचलून आणताना त्याचं चाक दाबलं, म्हणून ते बिघडलं. तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. त्याच्या घरी गेलो, तर आई म्हणाली, "गुरुजी, ते कणगीमागं जाऊन बसतंय. म्हणतंय, किती पैसे भरावे लागतील?"

तेव्हा म्हटलं, हा लेख भिंतीवर लागलाच पाहिजे. विमान कोणामुळं बिघडलं ते यात सांगणार आहे. पण ते समजायला आधी चाक उघडतं कसं आणि मिटतं कसं, ते समजून घ्यावं लागेल. जरा दमानं वाचा. लहान वर्गांना मोठ्यांनी वाचून दाखवा.

विमान माझ्या भाच्याचं. तो छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं स्वतः थर्माकोलसारखा हलका फोम, लाकडाच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी वापरून ते बनवलं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत चार फूट, वजन दीड किलो. शिष्यवृत्तीचे पैसे साठवून त्यानं मोटार, बॅटरी आणि चाकांची यंत्रं घेतली. माझ्या बहिणीचा याला विरोध होता. तिचं म्हणणं, एवढ्या पैशात चांगली सायकल आली असती. कॉलेजात त्याला हे विमान दाखवायचं होतं आणि त्याला दहा दिवस उरले होते. म्हणजे विमान पडलं तेव्हा नुसतं खेळणं पडलं असं नव्हे.

आता पहिला प्रश्न. चाकं मिटायचीच कशाला? बैलगाडीची चाकं कोणी मिटत नाही.

कारण आहे वारा. मोटारसायकलवर मागं बसलं की उपरण्याचा शेव कसा ताणला जातो, आठवा. गाडी वीसच्या वेगानं असेल तर थोडा ओढला जातो, चाळीसला गेली की दुप्पट नाही, जवळजवळ चौपट ओढला जातो. वेग दुप्पट, तर वाऱ्याचा अडथळा चौपट, असा हा हिशेब आहे. (एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हे पाहू नका. उपरणं पुरे.) खाली लोंबणारी चाकं म्हणजे विमानाला बांधलेला ब्रेकच. विमानं हळू उडत होती तोवर कोणी त्याची फार फिकीर केली नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले, त्या पस मॉथ विमानाची चाकं कायम खालीच असत. उलट त्या विमानात एक युक्ती होती. चाकांच्या दांड्यांवरचं चपटं आवरण वाऱ्याला आडवं फिरवता येई, म्हणजे उतरताना वेग कमी करायला तोच ब्रेक उपयोगी पडे.

पुढं विमानं वेगवान झाली आणि चाकं पोटात घ्यायची पद्धत आली. डाकोटा हे विमान १९३५ साली पहिल्यांदा उडालं. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले सैनिक घेऊन श्रीनगरला उतरली ती हीच विमानं. त्याची चाकं मिटली तरी अर्धी बाहेर दिसायची. त्याचा फायदा असा, की चाकं उघडलीच नाहीत आणि पोटावर उतरायची वेळ आली, तर तीच अर्धी चाकं जमिनीला टेकत आणि नुकसान कमी होई. आजची विमानं बघायची असतील, तर जालन्याहून संभाजीनगरला जाताना करमाड मागं पडलं की आभाळाकडं लक्ष ठेवा. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडून उतरणारं विमान दिसलंच, तर त्याची चाकं बाहेर आलेली दिसतील.

मोठ्या विमानांत चाकं हलवतं ते बहुतेक दाबाखालचं तेल. आपल्या ट्रॅक्टरच्या मागं नांगर उचलतो ना, तसंच. दीड किलोच्या मॉडेलमध्ये तेलाची टाकी, पंप आणि नळ्या कुठं घालणार? म्हणून पूर्वी मॉडेल उडवणारे लोक हवेवर काम भागवत. विमानात एक छोटी टाकी, तिच्यात सायकलच्या पंपासारख्या पंपानं हवा भरायची, आणि ती हवा सोडली की दट्ट्या सरकून चाक हलायचं. पण हवा ती हवाच. नळी कुठं झिरपली की दाब गेला, आणि सायकल पंक्चर झाल्यासारखं चाक ऐन वेळी अर्ध्यावर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या जागी विजेवर चालणारी यंत्रं आली. भाच्याच्या विमानात तीच आहेत: दोन पंखाखाली आणि एक नाकाखाली. प्रत्येक यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं.

त्या डबीत काय आहे? आम्ही एक उघडून पाहिली. एका टोकाला खेळण्यातल्यासारखी बारकी मोटार. तिला लागून दोन-तीन दातेरी चक्रं, म्हणजे मोटार फार जोरात फिरली तरी पुढचा आस सावकाश पण ताकदीनं फिरावा. तो आस म्हणजे एक लांब बोल्टच, त्याला पेच पाडलेले. त्या बोल्टवर एक नट. पण हा नट फिरू शकत नाही, कारण दोन्ही बाजूंनी तो खाचेत अडकवलेला असतो. मग बोल्ट फिरला की नटाला एकच वाट उरते: पुढं सरकायचं, नाही तर मागं.

नटाच्या अंगाला एक आडवी पिन आहे. ती पिन चाकाच्या दांडीच्या बुडाशी असलेल्या ठोकळ्याच्या खाचेत बसते. ठोकळा एका खिळ्याभोवती फिरतो. तुमच्या घरी घडीची विळी असेल तर तिचं पातं कसं उभं राहतं आणि मिटतं, तसाच. नट सरळ सरकतो, पिन ठोकळ्याला ढकलते आणि ठोकळा काटकोनात फिरतो. झालं, चाक उघडलं. मोटार उलटी फिरवली की चाक मिटलं. या सगळ्याला दोन-तीन सेकंद लागतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की मोटार चाकाला हलवू शकते, पण चाक मोटारीला हलवू शकत नाही.

हे खरं वाटत नसेल तर पाटाचं गेट आठवा. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूरकडं जातो. तिकडच्या पाहुण्यांकडं गेलात तर चारीचं लहान गेट पाहा. वर गोल चाक, खाली पेच पाडलेला दांडा. माणूस चाक फिरवतो, गेट वर येतं. मग तो चाक सोडून बिडी प्यायला बसतो, तरी गेट खाली पडत नाही. एवढं वजनाचं लोखंड पेचावर लटकून राहतं. ट्रकखाली लावायचा पेचाचा जॅकही तसाच.

असं का होतं? एक कागद घ्या. त्याचा काटकोनी त्रिकोण कापा, एक बाजू लांब आणि एक आखूड. आता तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी बाजू पेन्सिलीवर चढत जाताना दिसेल. तोच पेच! पेच म्हणजे खांबाला गुंडाळलेला घाट. दहा मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टवर नटानं एक फेरा मारला की तो दीड मिलिमीटर पुढं जातो. पण एका फेऱ्यात त्यानं रस्ता तोडलेला असतो सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ वीस पावलं चालल्यावर एक पाऊल चढ, इतका हलका उतार. ट्रॉलीला फळी लावून पोतं चढवताना फळी उभी असेल तर पोतं घसरून येतं, पण फळी जवळजवळ आडवी ठेवली तर पोतं जागेवर बसतं, ढकलल्याशिवाय हलत नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं. नटाचंही तसंच. त्याला कितीही सरळ दाबा, तो घसरत नाही. हलवायचं तर बोल्टच फिरवला पाहिजे.

भाच्यानं हे वर्गात करून दाखवलं, सहावी-सातवीच्या मुलांनी पाहिलं आहे. बॅटरी काढून टाकली, चाक अर्धं उघडलेलं होतं, आणि दांडीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगली. चाक तसूभर हललं नाही. म्हणून विमान जमिनीवर आपटलं तरी चाक मिटत नाही, आणि वीज गेली तरी उघडं चाक उघडंच राहतं.

आता वीज आणि हुकूम. जमिनीवर उभा असलेला माणूस हातातल्या पेटीवरची कळ दाबतो, आणि आकाशातलं चाक ते ऐकतं कसं? पेटीतून रेडिओच्या लहरी जातात, विमानातला रिसीव्हर त्या पकडतो आणि चाकाच्या यंत्राला तारेतून विजेचे ठोके देतो, सेकंदाला पन्नासच्या आसपास. एसटीत कंडक्टर एक घंटी मारतो तेव्हा गाडी थांबते, दोन मारल्या की निघते. ड्रायव्हरला शब्द ऐकू येत नाही, तरी अर्थ कळतो. इथं घंट्या मोजायच्या नाहीत, ठोका किती लांब आहे ते बघायचं. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असला तर एक हुकूम, दोन हजारांश असला तर दुसरा. एक म्हणजे मीट, दुसरा म्हणजे उघड. यंत्रात नखाएवढी एक पाटी असते. तिच्यावरचा छोटा मेंदू ठोका मोजतो आणि मोटार कोणत्या बाजूला फिरवायची ते ठरवतो.

पण थांबायचं कधी, हे त्याला कोण सांगणार? नट टोकाला गेला, चाक पूर्ण उघडलं, आणि मोटार तरीही ढकलत राहिली तर ती जळेल.

इथं आपल्या विहिरीवरची मोटार आठवा. पंपात गाळ जाऊन तो जाम झाला की काय होतं? मोटार गुंगू करते, जास्त करंट ओढते आणि स्टार्टर ट्रिप होतो. फिरणारी मोटार स्वतःही थोडी वीज तयार करत असते आणि येणाऱ्या विजेला अडवत असते. फिरायची थांबली की ती अडवणूक संपते आणि करंट एकदम वाढतो. या छोट्या यंत्रातली पाटी तेच पाहते. नट टोकाला टेकला, मोटार अडली, करंट वाढला, की पाटी म्हणते, पोचलं वाटतं, बंद करा. युक्ती चांगली आहे. पण तिच्यात एक खोट आहे. ती पुढं येईलच.

आता त्या दिवशीचं ऐका.

आमच्या घरून मैदानापर्यंत विमान त्या पाचवीतल्या मुलानं आणलं, हे खरं आहे. मीच त्याला दिलं होतं. त्यानं डाव्या हातानं पोट आणि उजव्या हातानं चाकाची दांडी धरली होती, हेही खरं. पण त्यानंतर विमान पहिल्यांदा उडालं, चाकं मिटली, उघडली, आणि ते मुरमाच्या मैदानावर छान उतरलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा उडालं, चाकं मिटली, उघडली. मग मैदानावर एवढी गर्दी पुढं सरकली की मला भीती वाटली, पंखा कोणाला लागेल. मी भाच्याला ओरडून म्हटलं, "पलीकडं शेतात उतरव, सोयाबीन निघालंय, मोकळं आहे."

तो म्हणाला, "मामा, ढेकळं आहेत."

मी म्हटलं, "काही होत नाही रे."

त्यानं ऐकलं. विमान शेतात उतरलं, दोनदा उसळलं आणि थांबलं. आम्ही वरवर पाहिलं, चाकांची माती पुसली आणि तिसऱ्यांदा मैदानावरून सोडलं. वर गेल्यावर चाकं मिटली. उतरायच्या वेळी कळ दाबली, तर नाकाखालचं उघडलं, उजवं उघडलं, डावं नाही. भाच्यानं चार वेळा कळ खालीवर केली. विमान जोरात वर खेचून झटका देऊन पाहिला. डावं चाक काही येईना. बॅटरी उतरत चालली होती. मग त्यानं जे केलं त्याबद्दल मी त्याला शंभर मार्क देतो. त्यानं उघडलेली दोन्ही चाकंही परत मिटून घेतली. एका बाजूच्या चाकावर उतरलं असतं तर विमान गिरकी घेऊन पंख मोडला असता. त्यानं मोटार बंद केली आणि कडेच्या गवतावर विमान पोटानं घसरवलं. पंखा मोडला, पोट खरचटलं, बाकी वाचलं.

संध्याकाळी आम्ही दोन बाकांवर विमान उताणं ठेवलं आणि कळ दाबली. उजवं उघडलं. डाव्यातून नुसतं घुर्र झालं आणि बंद. पुन्हा दाबली, पुन्हा घुर्र, बंद. मग भाच्यानं पंखातल्या खोबणीत बोट घालून चाकाचं रबर बाहेरच्या बाजूला दाबलं आणि कळ दाबली. पट्कन चाक सुटलं आणि पूर्ण उघडलं. त्यानंतर बिनातक्रार पाच-सहा वेळा हललं. म्हणजे मोटार चांगली, पाटी चांगली, पेच चांगला, बॅटरीही चांगली. अडत होतं ते चाक, खोबणीच्या कडेला.

का अडत होतं? गवंड्याकडून ओळंबा आणला आणि दांडीला लावून पाहिला. उजवी दांडी दोरीला समांतर. डावी दांडी खालच्या टोकाला मागच्या बाजूला वाकलेली, सुमारे अर्धा सेंटिमीटर. म्हणून मिटताना चाकाचं रबर खोबणीच्या मागच्या कडेवर घासून आत घुसलं आणि पाचर ठोकल्यासारखं बसलं. उघडायचा हुकूम आला, मोटारीनं जोर लावला, पाचर सुटेना, करंट वाढला. आणि पाटीला वाटलं, पोचलं! तिनं मोटार बंद केली. हीच ती खोट. करंट वाढला एवढंच तिला कळतं, चाक टोकाला पोचलं का मध्येच अडकलं, हे कळत नाही.

मोठ्या विमानात असं झालं तर वैमानिकाकडं आणखी एक उपाय असतो. आतली कडी सोडली की चाकं स्वतःच्या वजनानं खाली पडतात. आपल्या मॉडेलात ते होत नाही, कारण पेच! ज्या पेचामुळं उघडं चाक मिटत नाही, त्याच पेचामुळं मिटलेलं चाक वजनानं उघडत नाही.

आता दांडी कोणी वाकवली, ते बघा. विमानाची चाकं आतल्या बाजूला, म्हणजे आडवी मिटतात. उचलताना मुलानं दांडी दाबली असती तर ती आडवी दाबली गेली असती, आणि पेचामुळं ती हललीच नसती, बाटली टांगली तेव्हा पाहिलंत. ती वाकली आहे मागं. मागं वाकायला समोरून मार बसावा लागतो, आणि समोरून मार बसतो तो पळणारं चाक ढेकळाला धडकल्यावर. शिवाय मुलानं विमान आणल्यानंतर तेच चाक दोन वेळा नीट मिटलं आणि उघडलं होतं. बिघाड झाला तो शेतात उतरल्यानंतर. शेतात उतरायला मी सांगितलं होतं. म्हणून चूक माझी आहे, त्या मुलाची नाही. हे मी प्रार्थनेच्या वेळी सांगितलंच आहे, पण ज्यांनी घरी जाऊन वेगळं सांगितलं असेल त्यांनी आज घरी जाऊन हे सांगावं.

पैशांचं म्हणाल, तर पंख्याचे मी दिले. दांडी सायकलच्या दुकानात वाईसमध्ये धरून सरळ केली. ती साध्या सळईची नाही, स्प्रिंगच्या पोलादाची आहे. जालन्याच्या कारखान्यात निघते ती बांधकामाची सळई वाकवली की वाकलेलीच राहते. ही तार थोडी वाकून परत येते, पण फारच मार बसला तर तीही वाकडी होते, आणि सरळ करताना हट्ट करते. दुकानदाराला पाऊण तास लागला. भाच्यानं खोबणीची मागची कडही कानशीनं दोन मिलिमीटर रुंद केली, म्हणजे पुन्हा थोडं वाकलं तरी चाक अडकू नये. आणि एक नेम केला: प्रत्येक वेळी उतरल्यावर विमान उताणं करून चाकं दोनदा मिटून-उघडून पाहायची, मगच पुन्हा सोडायचं.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला. भाचा निघायच्या आधी त्यानं विमान मुलाच्या हातात दिलं आणि चाकाची कळही. "घे, दहा वेळा उघड-मीट कर, मोज," म्हणाला. मुलानं अकरा वेळा केलं. विचारलं तर म्हणाला, "एक बरोबर मोजली का नाही ते बघाया."

मंडळी, या भित्तिपत्रकाच्या खाली दोऱ्याला एक बोल्ट आणि नट बांधून ठेवला आहे. दहा फेरे फिरवा आणि नट किती सरकला ते पट्टीनं मोजा, पंधरा मिलिमीटर यायला पाहिजेत. मग नट नुसता ढकलून पाहा. खेळून झालं की दोरा तोडू नका, बोल्ट पंपावरचा आहे आणि परत द्यायचा आहे.

— तुमचे गुरुजी